वही मिटा, पातेले मुलांच्या हाती द्या

एका आईने लिहिले आहे : मला १२ वर्षांचा मुलगा आणि ८ वर्षांची मुलगी आहे. घरी स्वयंपाक केल्याने मुलांचे गणित पक्के होते, विज्ञान समजते, ती सकस खाऊ लागतात आणि स्वावलंबी होतात, असे बरेच वाचनात आल्यावर सहा महिन्यांपूर्वी मी शनिवारची संध्याकाळ मुलांच्या स्वयंपाकासाठी राखून ठेवली. एक वही केली. ‘आज काय शिकलो’ हे दोघांनी तीत लिहायचे, असे ठरले. पहिले काही आठवडे मजेत गेले. आता मुलगा ‘त्यापेक्षा बाहेरून मागवू या’ म्हणतो. मागच्या शनिवारी मुलीने केलेले सूप खारट झाले आणि सगळ्यांनी तसे सांगितल्यावर ती रडत जेवणावरून उठली. मुलांनी चिरलेल्या भाज्या फारच ओबडधोबड असतात, त्यामुळे त्यांचे लक्ष नसताना मी त्या पुन्हा चिरून घेते. नंतर ओटा आवरायला मला तासभर लागतो. या दोन तासांत अभ्यास झाला असता, असे मुलांच्या आजी म्हणतात. मुले यातून खरोखर काही शिकतात का, की मी उगाच पसारा वाढवते आहे? हे बंद करावे का?

तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर ‘हो’ असे आहे आणि ते मी आढेवेढे न घेता देतो. मुले शिकतात. मात्र तुमच्या वहीत जे उतरावे अशी तुमची अपेक्षा आहे, तो त्या शिकण्याचा लहान भाग आहे. आणि जो मोठा भाग आहे, तो तुमच्याच चांगल्या हेतूपायी दर शनिवारी थोडा थोडा पुसला जातो आहे, असे पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटले. म्हणून बंद करावे की चालू ठेवावे, याकडे वळण्याआधी तुमच्या एका वाक्यापाशी थांबतो. ‘त्यांचे लक्ष नसताना मी त्या पुन्हा चिरून घेते.’

बटाट्याचेच घेऊ. आठ वर्षांच्या मुलीने चिरलेल्या बटाट्याची एक फोड नखाएवढी असते आणि दुसरी जवळजवळ अर्ध्या बटाट्याएवढी. दोन्ही एकाच वेळी उकळत्या पाण्यात पडल्या, की पंधरा मिनिटांनी लहान फोडीचा लगदा झालेला असतो आणि मोठीत सुरीचे टोक घातले तर ते मध्येच अडते. फोडीची जाडी दुप्पट झाली, तर तिच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला दुप्पट नव्हे, तर साधारण चौपट वेळ लागतो. हा नियम तुमच्या मुलीला कोणी सांगायची गरज नाही. ती मोठी फोड दाताखाली आली, की पुढच्या वेळी ती सुरी ठेवण्याआधी फोडींकडे एकदा तरी बघेल, कदाचित सर्वांत मोठी उचलून तिचे दोन तुकडे करील, आणि ते तिचे स्वतःचे ज्ञान असेल. तुम्ही त्या फोडी गुपचूप सारख्या केल्यात, की पातेल्यातले सगळे बटाटे एकदम छान शिजतात आणि कसेही चिरले तरी चालते, असा निष्कर्ष ती प्रामाणिकपणे काढते. तिची सुरी आणि तिच्या ताटातली फोड यांचा संबंधच तुटतो. शिवाय मुलांचे लक्ष नसते, हा आपला मोठ्यांचा समज आहे. आपण चिरलेले पुन्हा चिरले गेले, हे मुलांना बहुधा कळलेले असते. ती फक्त बोलत नाहीत आणि हळूहळू ‘बाहेरून मागवू या’ म्हणू लागतात.

स्वयंपाकातून शिकवणे ही कल्पना नवी नाही. शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात जी प्रयोगशाळा म्हणून शाळा काढली, तिथे लहान मुलांच्या दिवसात स्वयंपाकाला मानाचे स्थान होते. तिथल्या एका मुलाने एकदा विचारले होते, की एवढी खटपट कशासाठी, सरळ कृती वाचून पदार्थ करून मोकळे का होऊ नये? त्यावर मुलांनी अंडी घेतली आणि निरनिराळ्या तापमानाच्या पाण्यात अंड्याच्या पांढऱ्या भागाचे काय होते, ते स्वतः पाहिले. पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसला दुधाळ होऊ लागतो आणि ८० च्या आसपास घट्ट बसतो. म्हणजे अंडे शिजायला पाणी खळखळून उकळलेच पाहिजे असे नाही. मला या प्रसंगातले आवडते ते हे, की प्रश्न मुलाचा होता, तोही थोडा कंटाळलेल्या मुलाचा. तुमच्या घरी १२ वर्षांच्या मुलाने तोच कंटाळा बोलून दाखवला आहे. फरक इतकाच, की तुमच्याकडे त्याच्यासमोर वही आली.

वही बंद करा. तुम्ही ती प्रेमाने केली आहे, म्हणून हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, तरीही बंद करा. जेवण झाल्यावर ‘आज काय शिकलो’ असे विचारले, की जेवणाची चाचणी परीक्षा होते आणि चाचणीला जी उत्तरे मिळतात तीच मिळतात : ‘आज आम्ही अपूर्णांक शिकलो.’ खरा अपूर्णांक मात्र वहीबाहेर घडतो. समजा, कृती सहा जणांची आहे आणि जेवायला तिघेच आहेत. पीठ अर्धे, दूध अर्धे, इथपर्यंत सगळे सुरळीत जाते आणि मग कृतीत तीन अंडी निघतात. दीड अंडे कसे घ्यायचे? इथे तुमची मुले एकमेकांकडे पाहतील आणि मग तुमच्याकडे पाहतील. त्या क्षणी तोंडाला कुलूप घालणे ही तुमच्या वाट्याची सर्वांत अवघड कामगिरी आहे. कोणी म्हणेल दोन घालू, कोणी म्हणेल एकच पुरे, आणि बराच वेळ घोळ घातल्यावर एकाला सुचेल, की दुसरे अंडे वाटीत फेटावे, चमच्याने मोजावे आणि त्यातले निम्मे घ्यावे. नाही सुचले आणि दोन घातली, तरी आभाळ कोसळत नाही. पदार्थ जरा वेगळा होईल आणि तो का वेगळा झाला, हे त्यांना ठाऊक असेल.

मुलीच्या बाबतीत याच्याही आधीची एक पायरी लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका बसक्या भांड्यातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतले, तर पाणी वाढले असे लहान मुले ठामपणे सांगतात, हे ज्यां पियाजे या मानसशास्त्रज्ञाने दाखवले होते. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास ही समजूत बदलू लागते. तुमची मुलगी नुकतीच त्या वळणावरून गेली आहे. तिला एकच माप हजारदा या भांड्यातून त्या भांड्यात ओतू द्या, सांडू द्या. ते तुम्हाला पसारा वाटणे साहजिक आहे.

आता खारट सुपाकडे वळू, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची घटना तीच आहे. ती सगळ्यांनी मिळून वाया घालवली. मिठाची गंमत अशी, की ते घालता येते, काढता येत नाही. सुरी चुकली तर दुसरा बटाटा घेता येतो, पाणी कमी पडले तर ओतता येते, आंच वाढवता आणि उतरवता येते. पण मीठ, करपलेपणा आणि फुटलेले अंडे यांना परत फिरण्याची वाट नाही. कोणती गोष्ट उलटवता येते आणि कोणती येत नाही, हा फरक मुलांच्या जगात इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच भेटतो. आणि हा फरक कळला, की त्यापाठोपाठ एक सवय आपोआप येते : थोडे घालावे, ढवळावे, चाखावे, मग आणखी घालावे. मुलीने सूप चाखले होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. मला वाटते, तिला चाखायचे असते हेच कोणी सांगितले नसावे, कारण कृतीत मिठाचे माप लिहिलेले असते आणि मुले छापलेल्या मजकुरावर आपल्या जिभेपेक्षा जास्त विश्वास ठेवतात. किंवा एकदा तिने घातले आणि एकदा दादाने घातले, असेही झाले असेल. तसे असेल तर तो स्वयंपाकापेक्षा बोलाचालीचा धडा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी पदार्थ वाढण्याआधी ओट्यापाशीच तिला एक चमचा द्या आणि ‘यात काय हवंय?’ इतकेच विचारा. खारट झालेच, तर उपाय तिच्याबरोबर शोधा. कच्चा बटाटा टाकला की तो मीठ शोषून घेतो, असे बरेचजण सांगतात. खरे तर तो मिठासकट पाणी शोषतो आणि उरलेले पाणी होते तितकेच खारट राहते. म्हणून बिनमिठाचे पाणी किंवा आणखी भाज्या घालून सूप वाढवणे, हाच सरळ मार्ग. थोडे लिंबू पिळले तर खारटपणा जिभेला जरा कमी जाणवतो, पण मीठ तेवढेच राहते. चौघांचे सूप सहा जणांचे होईल, होऊ द्या. आणि जेवताना घरच्यांनी काय बोलावे, याबद्दल एक छोटा नियम ठेवा. ज्याने रांधले, त्याने आधी आपल्या पदार्थाबद्दल बोलायचे. आठ वर्षांची मुलगी स्वतः ‘थोडं खारट झालंय’ म्हणाली, तर ती रडत नाही. तेच वाक्य चार मोठ्या तोंडांतून एकामागून एक आले, तर कोणीही रडेल.

माझ्या मुलाने पहिल्यांदा एकट्याने भात केला तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो. पाणी असते तोवर पातेल्यातून बुडबुड्यांचा भरीव आवाज येत असतो. ते आटले, की तो आवाज विरळ होतो आणि बारीक तडतड सुरू होते. ती तडतड मला ऐकू आली, त्याला आली नाही. मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो, हे आज अभिमानाने सांगत असलो तरी त्या वेळी मनातून चडफडत होतो. मग वास आला, तो त्यालाही आला. वरचा भात आम्ही खाल्ला, तळाचा टाकला, आणि पातेले त्याने पाण्यात भिजत घालून दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर घासले. त्यानंतर पातेले शिजत असताना तो बोलता बोलता थांबून कान देऊ लागला. ‘आवाजाकडे लक्ष दे’ हे मी त्याला आधी किमान दहा वेळा सांगितले होते.

तुमच्या मुलाविषयी माझा अंदाज वेगळा आहे. आठ वर्षांच्या मुलीला सोलणे, ढवळणे, ओतणे यात अजून रस आहे. १२ वर्षांच्या मुलाला हे तुकड्यातुकड्यांचे काम म्हणजे हमाली वाटते, आणि ते बरोबरच आहे. पदार्थ तुम्ही ठरवणार, सामान तुम्ही आणणार, मापे तुम्ही काढून ठेवणार आणि त्याने फक्त कांदा चिरायचा. या वयाला काम हवे असते ते अखेरपर्यंत आपले म्हणता येईल असे. त्याला एक पूर्ण जेवण द्या. काय करायचे हे तो ठरवील, घरात काय आहे ते उघडून पाहील, नसलेल्याची यादी करील, आणि आठ वाजता जेवायचे असेल तर कोणती वस्तू किती वाजता शेगडीवर चढली पाहिजे, याचा उलटा हिशेब मांडील. हा उलटा हिशेब दिसतो तितका साधा नाही. चाळीस मिनिटे लागणारा पदार्थ आधी, दहा मिनिटांचा शेवटी, शेगड्या दोनच, त्यातली एक पाण्याने अडवलेली : अशी जुळवाजुळव त्याला शाळेच्या वेळापत्रकात कधी करावी लागत नाही, कारण ते वेळापत्रक दुसऱ्याच कोणी आखलेले असते. पहिल्या वेळी जेवण पावणेनऊला मिळेल. भूक लागली म्हणून कोणी स्वयंपाकघरात घुसायचे नाही.

या मुलांकडून कारणांचे प्रश्नही येतील, फक्त ते शनिवारी सहा वाजता ठरवून येणार नाहीत. उकडलेला बटाटा तांबूस का होत नाही आणि तव्यावरचा का होतो, असे त्याने विचारले तर सांगा, की समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते आणि कितीही आंच वाढवली तरी उघड्या पातेल्यातले पाणी त्याच्यावर जात नाही, ते फक्त लवकर आटते. तांबूस रंग आणि खमंग वास देणारी क्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे वेगाने चालते, म्हणून तिला कोरडा पृष्ठभाग लागतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, त्यामुळे तिला त्यांचे नाव आहे. त्याने विचारले नाही, तर हे सगळे तुमच्यापाशीच राहू द्या.

सकस खाण्याबद्दल तुम्ही जे वाचले आहे, त्यातला उत्साह मात्र मी थोडा आवरता घेईन. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात (२०१४) ६ ते १० वर्षांच्या ४७ मुलांना घेतले होते; ज्यांनी पालकांबरोबर स्वतः जेवण बनवले, त्यांनी न बनवणाऱ्यांपेक्षा कच्च्या भाज्या अधिक खाल्ल्या. ही गोष्ट उत्साहवर्धक आहे, पण ती एका जेवणाची गोष्ट आहे. आपल्या हाताने केलेले आपल्याला अधिक आवडते, हे मोठ्यांच्या बाबतीतही खरे आहे. पण नावडती भाजी एकदा चिरल्याने आवडती होत नाही. नवी चव अंगवळणी पडायला लहान मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, जबरदस्तीशिवाय समोर यावी लागते. स्वयंपाक करताना हाताला, नाकाला आणि जिभेच्या टोकाला ती चव अनेकदा भेटते, एवढा फायदा नक्की धरा. त्यापलीकडे मुलगी पालेभाजी मागून खाईल, असा हिशेब धरू नका.

आजींचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. दोन तास हे खरोखर दोन तास आहेत. त्यांना गणित-विज्ञानाच्या फायद्यांची यादी ऐकवू नका, कारण त्या यादीवर त्यांचा प्रश्न अगदी रास्त ठरतो : गणितच शिकायचे तर गणिताचे पुस्तक काय वाईट? पण शनिवारचा हा सोहळाच मुळात जड झाला आहे, असे मला वाटते. आठवड्यातून एकदा दोन तासांचा समारंभ करण्यापेक्षा आठवड्यात दोन-तीनदा वीस मिनिटांचे एखादे काम कायमचे मुलांकडे असावे : मुलीकडे काकडी आणि उकडलेली अंडी, मुलाकडे बुधवारचा भात. एकच पदार्थ पुन्हा पुन्हा केल्याने हात बसतो, आणि हात बसला की पसाराही कमी होतो. आजींना एखादा पदार्थ मुलांना दाखवायला सांगून पाहा. ज्यांच्या हाताला माप न वापरता अंदाज आहे, त्यांच्याशेजारी उभे राहून मुले जे टिपतात, ते तुम्ही-मी वहीत लिहून देऊ शकणार नाही. आणि ओटा तुम्ही आवरू नका. रांधणाऱ्याने आवरायचे, मुलगा असो वा मुलगी. खरकटी भांडी दिसली, की पुढच्या वेळी सहाऐवजी तीनच भांडी कशी काढावीत, हे डोके आपोआप लढवू लागते.

मी इतका वेळ ‘मागे सरा’ म्हणतो आहे, पण काही गोष्टींत तसूभरही मागे सरायचे नाही. तापलेले तेल आणि उकळत्या पाण्याचे मोठे पातेले उचलणे, ही कामे मुलीच्या वाट्याला अजून नकोत. मुलालाही ती आधी तुमच्या देखत करायला लावा. पातेल्याची मूठ ओट्याच्या आतल्या बाजूला वळवलेली असावी. बोथट सुरी सुरक्षित असते, हा गैरसमज आहे. तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. लहान, धारदार सुरी, खाली चिरण्यासाठी न हलणारी पाटी आणि धरणाऱ्या हाताची बोटे आत वळवलेली, हे आधी शिकवा. तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचे नाही, शेगडी बंद करून झाकण टाकायचे. हे शेगडी न पेटवता दोन-तीनदा करून दाखवा, नुसते सांगून भागत नाही. भाजले तर वीस मिनिटे नळाच्या गार, वाहत्या पाण्याखाली धरायचे. बर्फ, टूथपेस्ट, लोणी काही लावायचे नाही. कच्च्या मांसाची सुरी आणि पाटी धुतल्याशिवाय दुसऱ्या कशालाही लावायची नाही. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे, आणि भाताबाबत हे विशेष पाळावे, कारण त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही टिकून राहतात आणि कोमट भातात पुन्हा वाढू लागतात. या नियमांवर चर्चा नाही. बाकी सगळ्यावर भरपूर चर्चा असू द्या.

तर, बंद करावे का? मी सध्याचा शनिवार बंद करीन आणि दोन आठवडे काहीच करणार नाही. मग दोघांना वेगवेगळे विचारीन, की तुला कोणता एक पदार्थ पूर्ण आपला म्हणून करायला आवडेल. मुलगा कदाचित ‘कोणताच नाही’ म्हणेल. त्यालाही हरकत नाही. स्वयंपाकाची आवड प्रत्येकाला असलीच पाहिजे असे नाही. पण आवड नसणे वेगळे आणि स्वतःचे पोट भरता न येणे वेगळे. तेव्हा बुधवारचा भात त्याच्याकडे राहील, हौस म्हणून नव्हे, तर घरातले काम म्हणून, जसा कोणाकडे तरी कचऱ्याचा डबा असतो. मुलीने पुन्हा सूपच करायचे म्हटले तर करू द्या. बटाटे तिलाच चिरू द्या आणि तेवढा वेळ तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा. मीठ घालण्याच्या वेळी ती बहुधा तुम्हाला हाक मारील. गेलात तर बरणीला हात लावू नका, तिच्या हातात चमचा द्या.